किल्ला, कंदील, काड्यापेटी : सुट्टीतील हातांचे उद्योग

सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागली की घराघरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो, तो म्हणजे मुलांचा वेळ कसा घालवायचा? दूरचित्रवाणी आणि मोबाइल हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर असते. दुसरे सोपे उत्तर बाजारात मिळते. रंगीत खोक्यात सर्व तुकडे आधीच कापून ठेवलेले असतात, सूचनापत्रक सोबत असते आणि तासाभरात वस्तू तयार होते. ती दिसते छान, परंतु ती करताना मुलाला काही ठरवावे लागत नाही आणि फारसे चुकताही येत नाही. हाताच्या कामातून मिळणारे शिक्षण मात्र याच दोन गोष्टींत असते.

शाळेतील ‘प्रकल्पां’चीही अवस्था याहून फार वेगळी नाही. विषय मुलाचा, साहित्य स्टेशनरीच्या दुकानातले आणि हात आई-वडिलांचे, असा अनुभव अनेक घरांत येतो. गुण मिळतात, परंतु कात्री कशी धरावी, खळ किती पातळ असावी, गाठ कोठे बसवावी हे मुलाला कळत नाही. या पार्श्वभूमीवर घरच्या घरी, अत्यल्प खर्चात करता येतील असे चार उद्योग येथे दिले आहेत. या चारही उद्योगांत चूक झाली, तर ती दाखवून देण्यासाठी मोठ्या माणसाची गरज भासत नाही. वहीचे पान निसटते, चौकोन कलतो, कंदील वाकडा होतो, माती घसरते. साहित्यच मुलाशी बोलते आणि दुरुस्तीची वाटही बहुधा तेच दाखवते.

जुनाच विचार

हातांतून बुद्धीकडे जाण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी योजना मांडली. तीच पुढे ‘नई तालीम’ या नावाने ओळखली गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया अशा परिसरातल्या वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. साधन स्वस्त झाल्याने शिक्षण उणे झाले नाही, हे त्या कामातून सिद्ध झाले.

याच परंपरेतले अलीकडचे नाव म्हणजे अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये अभियंता झालेले गुप्ता पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीला होते. १९७८ मध्ये त्यांनी रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात भाग घेतला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या आणि २००२ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात खेड्यांतील मुले पाठांतराऐवजी प्रयोगांतून विज्ञान शिकत असत. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतूनच गुप्तांनी तेथे खेळणी रचली. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासूनची त्यांची रचना देशभर पोहोचली. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेतील बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. खेळणे मोडून पाहता आले पाहिजे, हा त्यांच्या कामाचा गाभा आहे.

१. उरल्या पानांची वही

आरंभ सर्वांत सोप्या उद्योगाने करावा. गेल्या वर्षीच्या वह्यांत कोरी पाने हमखास उरलेली असतात. एकेकाळी मध्यमवर्गीय घरांत जूनच्या सुमारास अशी पाने काढून कच्च्या कामाच्या वह्या शिवल्या जात. तीच जुनी सवय पुन्हा लावून घेण्यासारखी आहे.

साहित्य : जोडपाने ८ ते १०, मुखपृष्ठासाठी जाड कागद किंवा जुन्या दिनदर्शिकेचे पान, जाड सुई, जाड दोरा, टोच्या किंवा दाभण, पट्टी.

कृती : जोडपाने मधोमध दुमडून एकात एक घालावीत. बाहेरून मुखपृष्ठ बसवावे. वही उघडून घडीच्या रेषेवर तीन खुणा कराव्यात. एक बरोबर मध्यावर आणि दोन तिच्या वर-खाली सारख्या अंतरावर. वहीखाली जाड पुठ्ठा ठेवून टोच्याने तिन्ही ठिकाणी छिद्रे पाडावीत. आता सुई आतल्या बाजूने मधल्या छिद्रातून बाहेर काढावी आणि दोऱ्याचे टोक आत वीतभर मोकळे सोडावे. बाहेरून वरच्या छिद्रातून सुई आत घ्यावी. आतून थेट खालच्या छिद्राशी न्यावी व बाहेर काढावी. शेवटी बाहेरून मधल्या छिद्रातून पुन्हा आत आणावी. आत आता एक लांब टाका दिसेल. दोऱ्याची दोन टोके त्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावरच घट्ट गाठ मारावी.

गाठ या लांब टाक्यावर का मारायची, याचा शोध मुलांना घेऊ द्यावा. टोके एकाच बाजूला राहिली तर मधला टाका सैल पडतो आणि आठवड्याभरात पाने हलू लागतात. कडा मात्र शिवल्यानंतरच कापाव्यात. एकात एक घातल्यामुळे आतली पाने बाहेर डोकावतात आणि वही बंद केल्यावर कड तिरकी दिसते. आधी सारखी कापलेली पाने घडी घातल्यावर असमान का होतात, हा एक छोटा भूमितीचा धडाच आहे.

२. काड्या आणि रबरी नळी

साहित्य : लाकडी काड्यांची काडेपेटी (मेणाच्या काड्या चालत नाहीत), सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब, जाड सुई किंवा बाभळीचा काटा.

पूर्वतयारी मोठ्यांनी करावी. काड्यांची गुले खरवडून काढावीत, ती भुकटी पाण्यात भिजवून टाकून द्यावी आणि मगच काड्या मुलांच्या हाती द्याव्यात. रबरी नळीचे दीड सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी आत सरकवली की दोन काड्यांचा सांधा तयार होतो. तो बिजागरीसारखा हवा तसा वळतो.

प्रथम तीन काड्या व तीन सांध्यांचा त्रिकोण करावा आणि चार काड्यांचा चौकोन करावा. दोन्ही आकार बोटांनी दाबून पाहावेत. चौकोन क्षणात कलतो आणि तिरका होतो. त्रिकोण कितीही दाबला तरी आपला आकार सोडत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोन आपोआप ठरतात. चौकोनाचे तसे नसते. बाजू त्याच राहून कोन बदलू शकतात. पाठ्यपुस्तकात हे विधान एका ओळीत संपते, परंतु बोटांना कळलेले सहसा विसरले जात नाही.

पुढची पायरी घन आकारांची आहे. त्रिकोणाच्या प्रत्येक सांध्याला मध्यभागी सुईने छिद्र पाडावे आणि टोक किंचित अणकुचीदार केलेली तिसरी काडी त्यात खोचावी. अशा तीन उभ्या काड्या वर तीन काड्यांच्या एका सांध्यात एकत्र आणल्या की सहा काड्यांचा चतुष्फलक तयार होतो. त्याची प्रत्येक बाजू त्रिकोण असल्याने तो भक्कम उभा राहतो. त्यावर वही ठेवून पाहावी. नंतर बारा काड्यांचा घन करावा. तो स्वतःच्या भारानेच लटपटतो. त्याला सावरायचे कसे, हे मुलांना विचारावे. थोड्या वेळाने कोणीतरी कर्णाच्या दिशेने काडी लावण्याचा प्रयत्न करतेच आणि काडी आखूड पडते, हेही त्याच वेळी ध्यानात येते. चौकोनाचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४ पट असतो, हे येथे मोजून कळते.

यानंतर मुलांना घराबाहेर न्यावे. विजेचे उंच मनोरे, रेल्वेचे लोखंडी पूल, कौलारू छपराखालील कैच्या यांत त्रिकोण मोजायला सांगावेत.

व्हॉल्व्ह ट्यूब न मिळाल्यास रात्रभर भिजवलेले वाटाणे किंवा हरभरे आणि दात कोरण्याच्या काड्या वापराव्यात. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालोद्यानांत १९ व्या शतकात हाच खेळ चालत असे. वाटाणे वाळले की सांधे घट्ट धरतात. मात्र ओले असताना ते रबरासारखे मोकळे फिरत नाहीत, त्यामुळे चौकोन आणि त्रिकोण यांतला फरक थोडा कमी जाणवतो.

३. बांबूचा आकाशकंदील

वर शिकलेल्या भूमितीचा खरा उपयोग आकाशकंदिलात होतो. बाजारात घडीचे आणि प्लास्टिकचे कंदील विपुल मिळतात, परंतु कामट्या आणि पतंगाचा कागद यांच्या कंदिलाचा मंद उजेड त्यांना येत नाही.

साहित्य : २० सेंटिमीटर लांबीच्या २४ बारीक कामट्या, जाड दोरा, पतंगाचा घोटीव कागद दोन रंगांत, खळ, झिरमिळ्यांसाठी कागद, ३ ते ५ वॅटचा एलईडी दिवा, होल्डर व वायर. कामट्या बुरुडाकडे मिळतात. बांबूची कूस बोटात जाते, म्हणून कामट्या पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. हे काम मुले आनंदाने करतात.

सांगाडा : चार-चार कामट्या कोपऱ्यांत दोऱ्याने बांधून सहा समान चौकोन करावेत. प्रत्येक चौकोनात समोरासमोरचे कोपरे जोडणारी दोऱ्याची फुली ताणून बांधावी. कामट्यांचा चौकोन कलू लागला की त्याचा एक कर्ण लांबतो व दुसरा आखडतो. दोरा ओढ सहन करतो, दाब नव्हे. म्हणून एक दोरा पुरत नाही, दोन लागतात. फुली न बांधता जोडलेला सांगाडा हातात धरताच पिळवटतो. वाकड्या कंदिलांचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

आता एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवावा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन पतंगासारखे, म्हणजे एक कोपरा खाली आणि एक वर, असे उभे करून बांधावेत. शेजारच्या दोन उभ्या चौकोनांचे मधले कोपरे एकमेकांना बांधावेत. सहावा चौकोन वर आडवा ठेवून त्याचे कोपरे उभ्या चौकोनांच्या वरच्या टोकांना बांधले की सांगाडा पूर्ण होतो. सहा चौकोन बांधले असताना त्यांच्यामध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतील. त्यांच्यासाठी वेगळी एकही कामटी लागत नाही. २० सेंटिमीटरच्या कामट्यांचा हा कंदील सुमारे २८ सेंटिमीटर उंच भरतो.

खळ : दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा व मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळावा. खळीला बुरशी वा कीड लागू नये म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या कामात ते वापरू नये. लागेल तेवढीच ताजी खळ करणे उत्तम.

कागद : उभ्या चार चौकोनांसाठी एका रंगाचे व आठ त्रिकोणांसाठी दुसऱ्या रंगाचे तुकडे कापावेत. प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर जादा कागद ठेवून तो कामटीवर वळवून चिकटवावा. वरचा व खालचा चौकोन मोकळा ठेवावा, त्यामुळे हवा खेळती राहते. खालच्या कडेला झिरमिळ्या लावाव्यात. वरच्या चारही कोपऱ्यांना सारख्या लांबीचे दोरे बांधून ते एकत्र आणावेत. एक दोरा जरी आखूड झाला तरी कंदील कलतो. दिवा बरोबर मध्यभागी लोंबकळावा आणि कागदाला टेकू नये. तापणारा जुन्या पद्धतीचा दिवा यात लावू नये. वायर जोडण्याचे काम जाणत्या माणसानेच करावे.

४. अंगण नसलेल्यांचा किल्ला

दिवाळीत किल्ला करण्याची प्रथा महाराष्ट्राचे वैशिष्ट्य आहे. वाडे गेले, अंगणे गेली, तरी सोसायटीच्या जिन्याखाली किंवा गच्चीच्या कोपऱ्यात किल्ले उभे राहतातच. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी असे हे बारा किल्ले आहेत. यांतलाच एखादा किल्ला निवडून, त्याचा नकाशा समोर ठेवून काम केले, तर किल्ला केवळ मातीचा ढिगारा राहत नाही.

राजगड हा त्यासाठी उत्तम नमुना आहे. रायगडापूर्वी ही स्वराज्याची राजधानी होती. मध्यभागी उंच बालेकिल्ला आणि त्याभोवती तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या, अशी त्याची स्पष्ट रचना आहे. पद्मावती माचीवरचा तलाव, सुवेळा माचीवरचे खडकातले नेढे आणि संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी ही ठळक वैशिष्ट्ये मुलांनी आवर्जून दाखवावीत. माची लांब व अरुंद का, दुसरा तट कशासाठी, पाणी कोठे साठवायचे, असे प्रश्न बांधतानाच उभे राहतात.

साहित्य : सुमारे तीन फूट बाय दोन फुटांची प्लायवूडची फळी, तिच्यावर जुने प्लास्टिक, विटा व दगड, पुठ्ठ्याची खोकी, गोणपाट, माती, हळीव किंवा मोहरी.

कृती : नुसत्या मातीचा किल्ला फार जड होतो, हलवता येत नाही आणि गॅलरीत ठेवणेही योग्य नाही. म्हणून आतला गाभा खोक्यांचा व मोजक्या विटांचा करावा. बालेकिल्ल्यासाठी उंच खोके आणि माच्यांसाठी पसरट खोकी घ्यावीत. गोणपाट पातळ चिखलात भिजवून त्यावर अंथरावे आणि घड्या दाबून कडे-कपारी तयार कराव्यात. वरून दाट चिखलाचा पातळ थर द्यावा. कोरडी माती उतारावर ठरत नाही, ओलसर माती बरीच उभी राहते आणि फार पाणी झाले की तीच वाहून जाते. हे प्रमाण पुस्तकात पाहून सापडत नाही, चिखल हाताने कालवूनच ठरवावे लागते.

हिरवळीसाठी हळीव सोयीचे. भिजवले की या बियांभोवती चिकट थर तयार होतो आणि त्या उतारावरही चिकटून राहतात. मोहरी मात्र घरंगळते, ती सपाट माचीवर पेरावी. दोन-तीन दिवसांत अंकुर दिसू लागतात, म्हणून पेरणी वसुबारसेच्या एक-दोन दिवस आधी करावी. पाणी ओतू नये, हाताने शिंपडावे. तट, बुरूज व दरवाजे वेगळ्या घट्ट मातीचे करून अर्धवट वाळल्यावर बसवावेत. मावळे विकत आणण्याऐवजी निदान चार-दोन तरी मुलांनी स्वतः घडवावेत.

किल्ला एकट्याने करण्याचा उद्योग नव्हे. नकाशा वाचणारा, चिखल कालवणारा, तट रचणारा अशी कामे वाटून घ्यावी लागतात, भांडणे होतात आणि ती मिटवावीही लागतात. दिवाळीनंतर माती कुंड्यांत जावी, विटा व फळी पुढील वर्षासाठी ठेवावी.

मोठ्यांची भूमिका

सुरी, टोच्या, शेगडी आणि वीज ही चार कामे मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावीत. वही आठ वर्षांपुढील मुलांना जमते. काड्यांच्या आकृत्यांसाठी साधारण तेच वय योग्य आहे, पाच वर्षांखालील भावंडांच्या हाती मात्र रबराचे तुकडे वा वाटाणे लागू देऊ नयेत. कंदील दहा-बारा वर्षांच्या मुलांनी जोडीने करावा. किल्ल्याला वयाची अट नाही. चिखल कालवण्यासाठी सर्वांत लहान हातही उपयोगी पडतात.

याहून महत्त्वाचे पथ्य वेगळेच आहे. सांगाडा वाकडा होताना दिसला की पालकांचा हात आपसूक पुढे जातो. तो आवरावा. ‘असे नाही, असे’ म्हणण्याऐवजी ‘कोठून कलतो आहे?’ एवढेच विचारावे. मुलाने दोरा सोडून पुन्हा बांधला तर एक तास जादा लागेल, परंतु पुढचा कंदील ते कोणाला न विचारता करील. शेजारच्या गॅलरीतल्या झगमगीत कंदिलाशी तुलना तर मुळीच करू नये. वर्षानुवर्षे पाहिलेल्या देखण्या कंदिलांपेक्षा आपण बांधलेला, किंचित कललेला कंदीलच मुलाच्या अधिक लक्षात राहील.

चारही उद्योगांचे साहित्य एका पिशवीत मावण्याजोगे आहे. किल्ल्याच्या माती-विटा तेवढ्या वेगळ्या आणाव्या लागतील. सुट्टीच्या पहिल्या दिवशी वही शिवावी आणि पुढील उद्योगांची मापे, आकृत्या व चुका तिच्यातच नोंदवाव्यात. पुढच्या दिवाळीला कंदील बांधायला बसताना ही वही उघडली, तर मागच्या वर्षी नेमकी कोणती गाठ सुटली होती ते लगेच सापडेल.